दारातला कायदा

आमच्या घरमालकांनी मला कधीच एका हाकेत बोलावलं नाही. गॅसचं सिलिंडर आलेलं असो, वरची टाकी वाहत असो, की काकूंनी माझ्यासाठी पाटोडीचा रस्सा काढून ठेवलेला असो, काका अंगणात उभे राहायचे, मान वर करायचे आणि माझं नाव, वडलांचं नाव, आडनाव असं संपूर्ण तीनदा पुकारायचे. दोन पुकाऱ्यांच्या मध्ये बरोबर एवढा वेळ सोडायचे, की माणूस खोलीतून जिन्यापर्यंत पोचावा. शेवटी ‘हाजिर हो’ जोडत नसत, एवढीच काय ती भाडेकरूला सवलत. पहिल्या आठवड्यात मी कठड्यावरून नुसतं "आले, आले" म्हणाले, तर ते जागचे हलले नाहीत.

"‘हाजर’ म्हणा, बाई," ते म्हणाले. "‘आले’ म्हणणारे मी बहुत पाह्यले. येत नाही ते."

मी ‘हाजर’ म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, की खाली पोस्टमन उभा आहे. तोवर पोस्टमन निघून गेला होता.

काकांनी तीस-बत्तीस वर्षं कोर्टात पुकारा केला होता. खटल्याचा नंबर लागला, की न्यायाधीशांच्या दाराशी उभं राहून पक्षकारांची आणि साक्षीदारांची नावं ओरडायची, हे त्यांचं काम. कागदावर ते शिपाई होते, गल्लीतले लोक मागून चपराशी म्हणत, आणि काका दोन्ही शब्दांवर चिडत. "चपराशी पाणी आणते. मी माणसं आणत होतो," असं त्यांचं म्हणणं. पांढरा गणवेश, छातीवरचा लाल पट्टा आणि पितळी बिल्ला कपाटात घडी घालून ठेवलेला होता. बिल्ला दर दिवाळीला चिंचेने घासला जायचा, देवांच्याही आधी.

इतकी वर्षं दारात काढल्यामुळे त्यांना पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर राहताच येत नसे. घरातही एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. चहा तसाच, पेपर तसाच, माझ्याशी भांडणंही तशीच. काकू मला म्हणायच्या, "आमच्या लग्नातही असेच उभे होते वं. अर्धे मांडवात, अर्धे भायेर. मले वाटलं, पळून जाते का काय हा मानूस."

पुकारा करणाऱ्या माणसाला कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही हे जास्त लक्षात राहत असावं. काकांना न आलेल्यांची नावं पाठ होती. संत्रं सोलता सोलता ते एखादा जुना खटला काढायचे आणि त्यात कोण कोण गैरहजर राहिलं ते फोडीगणिक सांगायचे. "सरकारी वकील उभा, आरोपी उभा, साहेब पेन उघडून बसले, अन् मी दारात भिंतीले हाका मारून राहिलो." हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या दारात तयार झालेलं होतं. ज्यानं पाहिलं तो पहिल्या हाकेला उठला, तर त्याला ते माणूस म्हणत. तिसऱ्या हाकेला उठणाऱ्याबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. "त्यानं मधात इचार केला," ते म्हणत. विचार करणं ही त्यांच्या दृष्टीने पळून जायची तयारी होती.

आणि त्यांचा खरा शत्रू होता कूलर. नागपुरात मार्च ते जून घराघराच्या खिडकीत कूलर घरघरत असतो, त्यामुळे उन्हाळ्यातल्या कुठल्याही गुन्ह्याला आमच्याकडे एक तयार उत्तर आहे. शेजारी बाईला मारहाण झाली? कूलर सुरू होता. समोरचं कुलूप फुटलं? कूलर सुरू होता, काही ऐकू नाही आलं. काका म्हणत, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्यांनी जेवढे कूलर ऐकले तेवढे दुकानातही नसतील. त्या रागापायी त्यांनी घरात कूलर घेतला नव्हता. भर मे महिन्यात ओली चादर अंगावर घेऊन पडायचे आणि काकूंच्या शिव्या खायचे. मी वर कूलर लावला तेव्हा मला दोन अटी घातल्या. टाकीतलं पाणी मी भरायचं, आणि कूलरच्या आवाजात पुकारा ऐकू आला नाही असं म्हणायचं नाही.

गल्लीत त्यांचं नाव होतं ‘एकोणचाळीस’. जरीपटक्याच्या बाजारामागची आमची गल्ली अरुंद, त्यामुळे इथे कोणी काही केलं की चार जणांना दिसतंच. दिसलं आणि कोणी गप्प बसलं, की काका त्याच्या फाटकाशी हजर. "एकोणचाळीस लागते. कलम एकोणचाळीस. गुन्हा पाह्यला अन् पोलिसाले नाही सांगितला, तं सहा महिने." समोरच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी एकदा कोणाला तरी सायकल नेताना पाहिलं होतं. काकांनी त्यांच्या दाराशी त्यांचं नाव इतक्या वेळा पुकारलं, की शेवटी त्या मशीनवरचं ब्लाउज तसंच टाकून ठाण्यात गेल्या. कायद्याचे नंबर बदलले, तरी काकांचा एकोणचाळीस कायम होता. मला त्यांचं हसू यायचं, आणि खरं सांगते, थोडी भीतीही वाटायची. कोर्टात आयुष्य काढलेला माणूस कलम सांगतो म्हटल्यावर आपण कोण शंका घेणार?

मी तेव्हा धरमपेठेत एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवत होते. खाप्याहून एकटी आलेली मुलगी, जूनपासून नोकरी पक्की करतो असा सरांनी शब्द दिलेला. सर म्हणजे क्लासचे मालक. गेटवर एक चौकीदार होते, पन्नाशीचे, आमच्याच मागच्या गल्लीत राहणारे. रोज सायकलने धरमपेठेपर्यंत यायचे आणि मी स्कूटीने गेटमधून आत शिरले की सलाम ठोकायचे. मी त्यांना भाऊ म्हणायची.

एका सकाळी मुलांची व्हॅन बाहेर निघत होती, म्हणून भाऊंनी आत येणाऱ्या गाडीसमोर गेटचा दांडा खाली घेतला. गाडी सरांची होती, नवी, काळ्या काचांची. भाऊंनी ती ओळखली नाही. सर खाली उतरले, भाऊंच्या हातातली काठी हिसकावली आणि त्यांच्या कानावर मारली. एकदा नाही, तीनदा. मी जिन्याच्या वळणावर टेस्टचे पेपर घेऊन उभी होते, माझ्यामागे शिकवणारे आणखी दोन सर होते. भाऊ कान धरून खाली बसले. बोटांमधून रक्त येत होतं. आम्ही तिघे वळलो आणि वर गेलो. मी अकरावीच्या वर्गात जाऊन अणूची रचना शिकवली.

दुपारपर्यंत ऑफिसने सांगितलं, की चौकीदाराला उन्हाची चक्कर आली आणि तो जिन्यावरून पडला. भाऊंनी पोलिसांत तक्रार दिली. डॉक्टरांनी सांगितलं की डावा कान गेला, आता येणार नाही. पोलीस क्लासमध्ये येऊन विचारून गेले, कोणी पाहिलं का? माझ्यामागच्या दोन्ही सरांनी सांगितलं, ऑफिसात कूलर सुरू होता. मी वर्गात होते, मला कोणी विचारलं नाही, आणि मीही कोणाला काही सांगितलं नाही. घरी तर मुळीच नाही. चार दिवस मी काकांना टाळून मागच्या दाराने जात होते.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, अंगणातून माझा पुकारा झाला. भाऊंच्या बायकोने काकूंना सांगितलं होतं, की तुमच्या वरच्या मॅडम जिन्यात होत्या. मी पहिल्या हाकेला उठले नाही. तिसऱ्याला उठले.

"तुमी जिन्यात होत्या?"

"होते."

"पाह्यलं?"

"पाहिलं."

"मंग काहून बसून राहिल्या?"

मी म्हणाले, काका, जूनमध्ये माझी नोकरी पक्की होणार आहे. त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. "त्या मानसाजवळ दुसरा साक्षीदार नाही, बाई. तुमी नाही बोलल्या तं तो जिन्यावरूनच पडला," ते म्हणाले. मग हमखास यायचं ते आलं. "एकोणचाळीस लागते. सहा महिने."

मी घाबरले. भाऊंच्या कानापेक्षा त्या सहा महिन्यांनी जास्त घाबरले, हे लपवण्यात अर्थ नाही. सोमवारी ठाण्यात जाते म्हणाले आणि क्लासमध्ये सोमवारची अर्धी सुट्टी मागितली. मॅनेजरांनी कारण विचारलं. मीही शहाणी, सगळं सांगून बसले. घरमालक कोर्टातले आहेत, म्हणतात की सांगितलं नाही तर मलाच आत टाकतील.

शनिवारी मॅनेजरांनी माझ्यासमोर एक छापील कागद ठेवला. हिरव्या पेनाने रेघा मारलेल्या.

"काहून टेन्शन घेऊन राहिल्या, मॅडम?" ते फार प्रेमाने म्हणाले. "आमच्या वकिलांनी काढून देल्लं. कलम हाये, पण त्याच्यात यादी हाये. यादीतला गुन्हा असन तरच सांगा लागते. मारहाण यादीत नाही. तुमच्यावर काहीच बंधन नाही. आरामात राहा."

स्कूटीवरून घरी येताना मला इतकं हलकं वाटत होतं, की संविधान चौकात मी उगाच उसाचा रस प्यायले. रस संपेपर्यंत काकांचा राग चढायला लागला. या माणसाने मला झोप उडवणारी भीती घातली होती, गल्लीलाही वर्षानुवर्षं घातली होती, आणि ती चक्क खोटी होती. घरी पोचले तर ते नेहमीसारखे उंबऱ्यावर. मी कागद त्यांच्या पुढ्यात धरला आणि वाचून दाखवला. खून, दरोडा, दंगल, लाच, खोट्या नोटा, रात्रीची घरफोडी, अन्नातली भेसळ.

"पुढं?"

"पुढं काही नाही. एवढीच आहे."

काकू भाजी निवडत आतून ऐकत होत्या. "म्हणजे तुपात डालडा दिसला तं सांगा लागते," त्या म्हणाल्या, "अन् मानसाचा कान फोडला तं नाही?"

काकांनी मला यादी पुन्हा वाचायला लावली. "मी आयकलं होतं," ते शेवटी म्हणाले. "एक मोठे वकील साहेब बोलून राहिले होते. ‘गुन्हा माहीत असलेल्या प्रत्येक व्यक्तीने’, इथपर्यंत आयकलं. पुढं मले पुकाऱ्याले पाठवलं असन."

तेव्हा मला त्यांचा कायदा कळला. बत्तीस वर्षं त्यांनी दारातून ऐकला होता, आणि दर वेळी कोणाचं तरी नाव ओरडायला बाहेर जावं लागल्यामुळे प्रत्येक कलमाचा मागचा भाग त्यांच्या हातून सुटला होता. माझा राग तरीही गेला नाही. मी म्हणाले, "काका, तुम्ही लोकांना उगाच धाक घातला."

रविवारी घरात पुकारा झाला नाही. वरची टाकी तासभर वाहिली, काका उंबऱ्यावर बसून ते पाणी बघत होते. दुपारी एका म्हाताऱ्या वकिलांकडे जाऊन आले. त्यांच्या कोर्टातले ते जुने ओळखीचे होते. वकिलांनीही तेच सांगितलं. लहान लेकरांवरच्या अत्याचाराचा कायदा वेगळा आहे, तिथे सांगावंच लागतं, बाकी मारहाणीला बंधन नाही.

ऊन उतरल्यावर काकांनी कपाट उघडलं. पांढरा गणवेश घातला, लाल पट्टा लावला, बिल्ला लावला आणि गल्लीत उतरले. कोट पोटावर बसत नव्हता. मी कठड्यावरून बघत होते. ते पहिल्या फाटकाशी उभे राहिले आणि घरच्या माणसाचं नाव तीनदा पुकारलं. घराघरात कूलर सुरू होते. तरीही लोक बाहेर आले, कारण तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. आम्हाला घरात ते फारच हळू बोलावत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

"मी तुमाले कलम सांगितलं होतं," ते प्रत्येक दारात म्हणाले. "ते अर्धं होतं. सगळ्या गुन्ह्यांले लागत नाही. मी चूक सांगितलं. माफी असावी."

काही जण हसले. एकाने गणवेशाचा फोटो काढला. शिवणकामवाल्या ताई मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मंग त्या दिवशी मी काहून गेली होती ठाण्यात?"

"थे तुमी तुमच्या मनानं गेल्या, ताई," काका म्हणाले. "मी उगाच आपल्या नावावर घेऊन राहिलो होतो."

शेवटी ते मागच्या गल्लीत गेले. माझ्या मागच्या गॅलरीतून भाऊंचं दार दिसतं. भाऊ कानाला पट्टी बांधून ओट्यावर बसले होते. काकांनी त्यांचाही पुकारा केला, तीनदा, चांगल्या कानाच्या बाजूने उभं राहून. "मी तुले म्हटलं होतं, मॅडमले यावंच लागन. लागत नाही गा. कायदा तसा नाही." भाऊंनी मान हलवली आणि म्हणाले, "बरं." एवढंच. त्यांनी चिडायला हवं होतं. ते चिडले असते तर मला खूप बरं वाटलं असतं.

काका परत आले तेव्हा मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होते, त्यांच्यापासून चार हातांवर. तरीही त्यांनी माझं संपूर्ण नाव पुकारलं.

"हाजर," मी म्हणाले.

"तुमाले यावं लागत नाही," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. मग तिसऱ्यांदा. आणि चार वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही पाय आत घेऊन त्यांनी दार लावून घेतलं.

कलम होतं तोवर माझं बरं चाललं होतं. रागवायला काका होते, घाबरायला सहा महिने होते, मी बिचारी मधे सापडलेली. आता यातलं काहीच उरलं नाही. उरलं ते एवढंच, की मी जिन्यात होते आणि त्या माणसाला तिसरी काठी बसताना मी मोजली होती. मला स्वतःची लाज वाटली. लाजेबरोबर एक गोष्ट पक्कीही झाली, आणि ती एकदा पक्की झाल्यावर मी शांत जेवले.

सोमवारी सकाळी काका पुन्हा उंबऱ्यावर होते.

"कुठं चालल्या?"

"ठाण्यात."

"यावं लागत नाही."

"माहीत आहे."

ते चपला शोधायला लागले. मी म्हणाले, काका, तुम्ही येऊ नका, मी एकटी जाते. त्यांनी एक चप्पल घातली होती, ती काढून ठेवली. ठाण्यात जबाब लिहायला तीन तास लागले. घरी आले तर काकूंनी न विचारता ताट वाढलं.

जूनमध्ये जागा पक्की झाली, दुसऱ्या मॅडमची. बाबा खाप्याहून फोनवर म्हणाले, "तुले काय कराचं होतं गं त्याच्याशी?" आणि पंधरा दिवस बोलले नाहीत. मी एका शाळेत लागले, कमी पगारावर. याचा मला पश्चात्ताप आहे का, असं कोणी विचारलं तर सांगते, पगाराचा आहे.

खटला उभा राहायला तीन उन्हाळे गेले. तेवढ्या काळात काका दोनदा आजारी पडले, आणि मागच्या थंडीत गेले. शेवटपर्यंत मला तारीख पडली का हेच विचारत होते. पट्टा आणि बिल्ला काकूंनी पुन्हा कपाटात ठेवला. आता त्या मला एकाच हाकेत बोलावतात आणि मी दुसऱ्या हाकेची वाट बघत बसते.

समन्स आलं ते या मे महिन्यात. कोर्टाच्या व्हरांड्यात एवढे मोठे कूलर लावले होते, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. म्हणून मी सकाळपासून दाराला खेटून उभी राहिले. नवा शिपाई मोबाइल बघत दारात आला आणि माझं नुसतं आडनाव पुटपुटला, एकदा. मी आत गेले.

सरांचे वकील सभ्य होते. अंतर किती, उजेड किती, असं विचारून झाल्यावर त्यांनी खरा प्रश्न काढला. "तुमचे घरमालक कोर्टात शिपाई होते?"

"पुकारा करायचे."

"त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, की जबाब दिला नाही तर सहा महिन्यांची शिक्षा होईल? तुमच्या मॅनेजरांना तुम्ही स्वतः तसं बोललात?"

"हो."

ते न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, की साक्षीदाराने हा जबाब खोट्या कलमाच्या भीतीने दिलेला आहे. सर मागे बसले होते, त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"ते शुक्रवारी सांगितलं होतं," मी म्हणाले. "रविवारी त्यांनी मला सांगितलं, की असं कलम नाही, मला यावं लागत नाही. तीनदा सांगितलं. सगळ्या गल्लीने ऐकलंय. मी सोमवारी गेले."

वकील कागद चाळायला लागले. न्यायाधीशबाईंनी चष्मा वर केला. "म्हणजे बंधन नाही हे माहीत असताना तुम्ही गेलात?"

"हो."

"का?"

"मी जिन्यात होते."

बाईंनी टायपिस्टला ते जसंच्या तसं घ्यायला सांगितलं. मी वळून पाहिलं. भाऊ दाराजवळच्या बाकावर बसले होते आणि त्यांनी चांगला कान माझ्याकडे केला होता.